वराहगंध

गंधसेतू घरी नेण्यासाठी बनवलेला नाही, असं डॉ. मंदार पेंढरकर तिसऱ्यांदा म्हणाला, तोवर डॉ. रेजिना तुस्कानोने यंत्राच्या पेटीला कुलूपही घातलं होतं.

"सोमवारी परत आणते," ती म्हणाली. "आणि तूही ये. माझ्या डोक्यावर शिरोजाळी असणार, यंत्र चालवायला कोणीतरी हवं."

"रविवारी तुमच्या गच्चीवर काय भाजतात ते मला ठाऊक आहे. मी अंडंसुद्धा खात नाही."

"तुझ्यासाठी रोट्या आणि काकडी-दह्याची चटणी आहे. उगाच आढेवेढे घेऊ नकोस."

वसईच्या गंधसंशोधन संस्थेत या दोघांनी मिळून गंधसेतू उभा केला होता. दोघांच्या डोक्यावर एकेक शिरोजाळी चढवायची. एकाच्या नाकाने मेंदूला जे कळवलं, ते दुसऱ्याच्या मेंदूत जसंच्या तसं उमटवायचं, आणि त्या वेळेपुरतं दुसऱ्याचं स्वतःचं नाक गप्प करायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. जगभरची नाकं त्याची वाट पाहत होती. रेजिनाला मात्र ते आधी एकाच माणसावर चालवायचं होतं, तिच्या नवऱ्यावर.

डॉमनिक बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर आचारी होता. ग्रीसच्या एका बंदरात बोट दुरुस्तीला अडकली असताना तो सुवलाकी शिकला, म्हणजे मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे सळीवर ओवून निखाऱ्यावर भाजायचे. आता नोकरी सोडून तो कायमचा घरी आला होता आणि पुढच्या महिन्यात समुद्राकाठी सुवलाकीची खानावळ काढणार होता. मांस आणायचा ते वयात आलेल्या नर डुकराचं. त्यालाच खरी चव, असं त्याचं ठाम मत. रेजिना लग्नाच्या वर्षापासून सांगत होती की त्या मांसाला घाण वास येतो. तो म्हणायचा, "तुझं नाक लॅबमध्येच ठेवून येत जा."

इतकी वर्षं ते भांडण मजेचं होतं. पण पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकं ताट सरकवून उठली, तर हा बढाईखोर माणूस आतून मोडेल, या विचाराने रेजिना खरोखर घाबरली होती.

रविवारी मंदार गच्चीवर पोचला तेव्हा शेगडी लाल झाली होती. खांद्याचं मांस लिंबाएवढे तुकडे करून आदल्या संध्याकाळीच लिंबाचा रस, ऑलिव्हचं तेल, ठेचलेला लसूण आणि ओरेगॅनोत मुरत घातलेलं. डॉमनिक ते भिजवलेल्या बांबूच्या काड्यांवर ओवत होता.

"खेटून नाही लावायचे," तो मंदारला समजावत होता. "मध्ये जरा जागा हवी, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवले जातात. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की धूर वर येतो, तो खरा मसाला. बरं, तुझं यंत्र माझं काय करणार ते सांग."

मंदार शेगडीपासून जमेल तेवढा लांब बसला. "नाकात चारेकशे प्रकारचे गंधग्राही असतात. प्रत्येक जण ठरावीक वास पकडतो. वयात आलेल्या नर डुकराच्या चरबीत एक द्रव्य साठतं, त्याला आम्ही वराहगंध म्हणतो. तो पकडणारा गंधग्राही एका जनुकावर अवलंबून असतो, आणि ते जनुक सगळ्यांचं सारखं नसतं. काहींना तो वास सणसणीत येतो. काहींसाठी तो जगातच नसतो."

"म्हणजे मी बहिरा?"

"तेवढ्यापुरता. आणि हिचे कान तिखट."

"मग आता मला हिच्यासारखं वाटणार?"

"हिच्यासारखा वास येणार. वाटणं निराळं. सेतूवरून फक्त वास जातो. त्या वासाला कोणाच्या काय आठवणी चिकटल्या आहेत, ते पलीकडे जात नाही. त्या ज्याच्या त्याच्याकडेच राहतात."

"आमच्या शोधनिबंधाचा शेवटचा परिच्छेद," रेजिना म्हणाली. "तो कोणी वाचत नाही. जाळी घाल."

दोघांनी एकाच सळीवरचा एकेक तुकडा तोंडात टाकला. मंदारने कळ फिरवली. डॉमनिकने दोनदा चावलं आणि घास हातात थुंकला.

"मांजर मुतलेलं गोणपाट," तो पुटपुटला.

"मी वेगळं काय सांगत होते?"

तो शेगडीजवळच्या स्टुलावर बसला. बराच वेळ त्याने सळ्या उलटल्याच नाहीत. "मला वाटायचं तू नखरे करतेस," तो म्हणाला. "सांगत होतीस, आणि खातही होतीस. दर वेळी."

"तू वर्षातून दोन महिने घरी यायचास. त्यात तू उन्हात उभं राहून भाजलेलं खायचं नाही, तर करायचं काय?"

डॉमनिकने मान हलवली. रडगाणं गाणाऱ्यांतला तो नव्हता. "मादीच्या मांसाला हा वास नसतो ना? मग उद्यापासून तेच. खानावळीतही आणि घरातही."

रेजिना जिंकली होती. खानावळ वाचली, नवरा वाचला, शिवाय यंत्रही चोख चाललं होतं. तिला इतकं हलकं वाटलं, की मंदारने "आता सेतू उलटा लावू?" विचारताच तिने सळी उचललीसुद्धा. या माणसाला इतकी वर्षं नेमकं काय लागत होतं, ते तिला एकदा चाखायचंच होतं.

डॉमनिकने आपल्या वाटचा तुकडा तोंडात घातला आणि कळ फिरली. आधी लिंबू आलं, मग लसूण, मग ओरेगॅनो, शेवटी निखाऱ्याचा धूर. सगळं स्वच्छ, नेमकं. त्यामागे काहीच नव्हतं.

"कसं आहे?" डॉमनिक पुढे झुकला होता.

"उत्तम," ती म्हणाली. ते खरंच होतं. तिने सावकाश चावलं, आणि घास घशाशी आला तेव्हा तिला एकाएकी घर रिकामं वाटलं. एका खोलीत दिवा, एकच ताट, महिनोन्‌महिने असायचं तसं. डॉमनिक हातभर अंतरावर बसला होता. तरी डोळे भरून आले.

"रेजी? काय झालं?"

"गिऱ्हाइकांना मादीचंच दे. घरी मात्र नराचंच आण."

"अगं, तो वास..."

"हे चांगलंच आहे, डॉमनिक. पण त्या वासाशिवाय खाताना तू जहाजावर असतोस."

डॉमनिकने सळी पुन्हा हातात घेतली.

"सेतू परत पहिल्यासारखा लाव," तो मंदारला म्हणाला, आणि त्याने सळीवरचा पुढचा तुकडा तोंडात टाकला.