इतर शेरा

कायद्यापुढे सगळे समान असतात. आमच्या रारोटोंगा बेटावर सगळे कायद्याचे नातेवाईकही असतात. त्यामुळे हेल्मेटचा कायदा लागू झाला त्या सकाळी मातायो हवालदारानं ज्या चौघींवर नजर ठेवली, त्यांतल्या दोघी त्याच्या मावश्या निघाल्या, एक त्याची शाळेतली बाई निघाली आणि चौथी अकाईती.

अकाईती नातेवाईक नव्हती. ही गोष्ट पुढे कामी आली.

खरं तर तिला त्यानं अडवलंही नाही. तितिकावेकाच्या वळणावर पोलिसाची टोपी दिसताच तिनं मोटरसायकल वळवली आणि आली तशी परत गेली. मातायो जागचा हलला नाही. आमच्याकडे मोठा रस्ता एकच. तो समुद्राला धरून बेटाभोवती बत्तीस किलोमीटर फिरतो आणि निघाला तिथेच येऊन थांबतो. असल्या ठिकाणी पोलिसांना पाठलाग करावा लागत नाही. त्यानं थर्मासमधला चहा ओतला.

पाऊण तासानं ती दुसऱ्या बाजूनं आली. डोक्यावर तिआरेच्या पांढऱ्या फुलांचा मुकुट. हेल्मेट पुढच्या टोपलीत, आणि हेल्मेटात दीड डझन अंडी.

"मला वाटलं, तोवर तुम्ही जेवायला गेला असाल," ती म्हणाली.

"आत्ताशी दहा वाजलेत."

"तुमच्या आधीचे हवालदार दहालाच जायचे."

"हेल्मेट?"

"आहे की."

"डोक्यावर हवं."

"डोक्यावर फुलं आहेत."

"फुलांनी डोकं वाचत नाही."

"हेल्मेटनं अंडी वाचतात. अख्खं बेट फिरून आले, एक फुटलं नाही. लिहा तुमच्या वहीत."

त्यानं वहीत लिहिलं ते वेगळंच होतं. डावा आरसा नाही. मागचा दिवा लागत नाही. हॉर्न मुका. सात दिवसांत दुरुस्त करून इथेच दाखवणे. मग त्यानं सांगितलं, की हेल्मेट घातल्याशिवाय गाडी हलणार नाही.

"आणि अंडी?"

मातायोनं थोडा विचार केला… आणि आपली टोपी काढून पुढे केली. तिनं एकेक करून अठरा अंडी तीत ठेवली. वरून भुरभुर पाऊस सुरू झाला होता, डोंगराकडून आलेला, ऊन असतानाच. आता मुकुटाचं काय करायचं ते दोघांनाही कळेना. शेवटी तिनंच तो उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"पोलिसाचं डोकं उघडं बरं दिसत नाही," ती म्हणाली. आणि ओल्या तिआरेचा वास त्याच्या कपाळावरून खाली उतरत असताना ती अंड्यांसाठी पिशवी मागायला शेजारच्या घरात गेली.

तेवढ्यात त्याची तेकुरामावशी तिथून गेली. हेल्मेट घालून. संध्याकाळपर्यंत बेटाला सगळं कळलं होतं.

पुढच्या गुरुवारी अकाईती आली, तेव्हा आरसा होता पण दिवा नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारी दिवा लागला, आरसा सैल झाला. मातायो वाकून बघायचा, पाना काढायचा, आरसा घट्ट करायचा, आणि आरशात बघून तो नीट बसलाय का याची खात्री करायचा. आरशात ती असायची. खात्रीला वेळ लागायचा.

"दिसतंय का नीट?" ती विचारायची.

"दिसतंय."

"मागचं दिसायला हवं म्हणे. तुम्ही तर मलाच बघताय."

"तुम्ही मध्ये उभ्या आहात."

"बाजूला होऊ?"

"नको… म्हणजे, तपासणी चालू आहे."

असे अकरा गुरुवार गेले. तेकुरामावशी एकदा गाडी थांबवून म्हणाली, "अरे बाळा, एवढ्या वेळात विमान तपासून होतं."

विमानाचं नाव निघालं आणि अकाईती गप्प झाली. ती विमानतळावर हार विकायची. येणाऱ्यांच्या गळ्यात घालायचे आणि जाणाऱ्यांच्या गळ्यात घालायचे, हार एकच. फक्त जाणाऱ्यांचे जास्त खपतात. तिच्या वर्गातली निम्मी मुलं ऑकलंडला गेली होती, आणि प्रत्येकाच्या गळ्यातला हार तिनंच ओवला होता. आता भावानं तिच्यासाठीही तिथे नोकरी बघितली होती. पुढच्या शनिवारचं तिकीट.

"गाडी?" मातायोनं विचारलं. दुसरं काय विचारावं ते त्याला सुचलं नाही.

"चुलतभाऊ घेतोय. पण तपासणीचा कागद असल्याशिवाय ती त्याच्या नावावर होत नाही. आणि गाडी खपल्याशिवाय मी हलणार नाही, असं घरी सांगितलंय मी." ती हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "तपासणी कोण करतं?"

"मी."

"वाटलंच."

तपासणी बुधवारी, चौकीच्या मागच्या अंगणात झाली. फॉर्म तीन प्रतींत होता. दिवा, बरोबर. आरसे, बरोबर. ब्रेक, बरोबर. मग त्यानं हॉर्नचं बटण दाबलं. काही झालं नाही.

हॉर्न गेल्याच आठवड्यात त्यानं स्वतः बसवला होता.

तो बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून उभा राहिला. ‘नापास’ असा एक शब्द लिहिला असता, तर विमान रिकाम्या खुर्चीसह गेलं असतं आणि कुणी खोटं बोललं असंही झालं नसतं. अकाईती आंब्याच्या झाडाखाली उभी राहून पलीकडे बघत होती. इतकं लक्ष देऊन, की पलीकडे काहीतरी असेल असं कुणालाही वाटावं. तिथे भिंत होती.

मातायो खाली वाकला. दिव्यामागे एक तार सुटून लोंबत होती. त्यानं ती जोडली. हॉर्न वाजला, आणि चौकीतला कुत्रा उठून निघून गेला.

"पास," तो म्हणाला.

"पास?" ती वळली. "अकरा आठवडे तुम्हाला दर गुरुवारी एक दोष सापडत होता."

"आज एक सापडला. हॉर्नची तार सुटली होती. जोडली."

"ती सुटली नव्हती." ती खाली बघत म्हणाली. "मी काढली होती."

आंब्याच्या पानांवरून मघाच्या सरीचं पाणी ठिबकत होतं.

"मला वाटलं, तुम्हाला जायचंय…" तो म्हणाला.

"मला वाटलं, तुम्हाला कळेल."

"हॉर्न वाजू नये असं मलाही वाटत होतं. म्हणूनच जोडला. स्वतःला हवं तसं लिहिलं, तर मग मी तपासतोय कशाला?"

अकाईती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही फार सरळ माणूस आहात," ती म्हणाली. ते कौतुक होतं की तक्रार, ते तिलाही ठरवता आलं नसावं. "तुम्हाला दोषच लिहिता येतात का? दुसरं काही लिहिता येत नाही?"

"फॉर्मवर तसा रकाना नाही."

"शेवटचा बघा. ‘इतर शेरा’."

तो रकाना आजवर कुणी भरला नव्हता. मातायोनं पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. कार्बन सरळ केला. मग सावकाश, शाळेत लिहावं तशा अक्षरात लिहिलं. अकाईतीनं फॉर्म हातात घेऊन वाचला.

‘मालकीणबाईंनी हे बेट सोडू नये, असं तपासणाऱ्याचं मत आहे. गाडीचा याच्याशी संबंध नाही.’

तिनं दोनदा वाचलं.

"हे बंधनकारक आहे?"

"नाही. सूचना आहे."

"आणि नाही पाळली तर?"

"तर काही नाही. मी गुरुवारी त्याच वळणावर असेन."

तिनं आपली प्रत घडी करून हेल्मेटात ठेवली. मग काहीतरी आठवून ती बाहेर काढली, खिशात घातली, आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं. पट्टा मात्र लावला नाही. मान वर करून उभी राहिली.

"हे कोण तपासणार?"

त्यानं पट्टा लावला. त्याला वेळ लागला.

दुसरी प्रत नियमाप्रमाणे मोठ्या साहेबांकडे गेली. त्यांनी ती वाचली, ‘पाहिले’ असं लिहून सही केली आणि फाइलला लावली. शनिवारचं विमान वेळेवर गेलं. अकाईती विमानतळावर होती, रोजच्या जागी, हार विकत. चुलतभावाला तिनं सांगितलं, की गाडी द्यायची नाही, कागद फार चांगला आलाय.

वर्षभरात त्यांचं लग्न झालं. नवऱ्यानं बायकोची गाडी तपासायची नाही असा नियम असल्यामुळे, पुढची तपासणी दुसऱ्या हवालदारानं केली.

गाडी नापास झाली. मागचा टायर पार गुळगुळीत होता. ‘किमान दोन वर्षांपासून’, असं त्यानं इतर शेऱ्यात लिहिलं.