खोटी आंब

रेवती भोसगेने ट्रेमधले कोष तिसऱ्यांदा मोजले. पुन्हा दोनशे बाराच. कृषी संशोधन केंद्रातल्या हरभऱ्याच्या वाफ्यालगत पाइपसाठी चार हात चर काय खणला, त्यातून घाटेअळीचे एवढे कोष निघाले. आणि तेही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात? यंदाची अळी अजून पानावरही दिसायची होती. अळीच नाही, तर हे कोष आले कुठून? तिने एक कोष चिमटीत धरून हळूच दाबला, तर त्याने शेपटाकडचा भाग हलवला. आता मात्र तिचं डोकं चालेना.

गेली अकरा वर्षं इकडे थंडी म्हणून पडलीच नव्हती. पूर्वी गारठा पडला की घाटेअळी मातीत उतरायची आणि कोष करून शीतनिद्रा घ्यायची. हिवाळाच उबदार झाल्यावर ती झोपेल कशाला? एका हंगामात पिढीवर पिढी निघू लागली आणि घाट्यात दाणा उरेना.

तेव्हा रेवतीला आठवली तिची रखमाआत्या. गार पहाटे आत्या हरभऱ्यावर पांढरं फडकं अंथरायची आणि पानांवरचं आंबट दव, म्हणजे आंब, पिळून पोटदुखीसाठी बाटलीत भरायची. थंडी गेली तशी आंब मिळमिळीत झाली, ही तक्रारही तिचीच. त्यावरून रेवतीने शोधून काढलं की अळीला थंडीची खबर ही आंबच देते. तिने गार रात्रीची आंब प्रयोगशाळेत बनवली. कागदोपत्री नाव ‘शीतसंकेतक’, लोकांच्या तोंडी ‘खोटी आंब’. ती फवारली की आठ दिवसांत अळ्या मुकाट मातीत उतरत. उन्हाळ्यात जाग्या होतील तेव्हा शेतात हरभरा नसेल, उपाशी मरतील, असा सरळ विचार होता. सात वर्षं चाळीस गावांत घाटे टच्च भरले. आत्याचेही.

“मग हे कोण, सर?” तिने ट्रे इनामदार सरांपुढे सरकवला.

इनामदार सर केंद्रातले सगळ्यांत जुने कीटकतज्ज्ञ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “जिवंत आहेत बाई. जुने आहेत. पण उठले का नाहीत?”

“आपल्याकडे चाचणीत तर उठायचे. शंभरातले शंभर.”

“कोष ठेवायचो कुठे आपण?”

“फ्रिजमध्ये. सगळेच ठेवतात.” रेवतीने मान वळवून कोपऱ्यातल्या फ्रिजकडे पाहिलं. ही गोष्ट आजवर कुणाच्याच मनात कशी आली नाही, तेच तिला कळेना.

दोघांनी निम्मे कोष फ्रिजमध्ये ठेवले आणि निम्मे टेबलावरच राहू दिले. बारा रात्रींनंतर फ्रिजमधले कोष खिडकीतल्या उन्हात आणले. आठवड्याभरात त्या एकशे सहाही कोषांतून पतंग बाहेर पडले. टेबलावरचे ढिम्म हलले नाहीत.

“झोप लागायला थंडीची नुसती खबर पुरते,” इनामदार सर सावकाश म्हणाले. “उठायला मात्र थंडी अंगावर काढावी लागते. बारा रात्री, आणि मग ऊन. त्याशिवाय हिवाळा सरला असं त्यांना वाटतच नाही. खबर आपण दिली. थंडी कुठून देणार होतो?”

“म्हणजे सात वर्षांत एकही मेली नाही?”

“एकही उठली नाही. साठत गेल्या.”

“नांगरून वर काढू.”

“उभ्या पिकात?”

“मग पुन्हा आंब फवारू.”

“तिला लागू पडायला आठ दिवस लागतात. सात वर्षांच्या पिढ्या एकदम उठून आठ दिवस जेवल्या, तर पान कुठलं राहील?”

“पण थंडी पडतेय कुठे,” रेवती म्हणाली. अकरा वर्षं ज्या उबेला तिने शिव्या घातल्या, तिचाच आज आधार वाटला. हसावं की रडावं, तिला कळत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. आत्या होती.

“रेवे, ऐकलीस का? परवापासून थंडी यायलीय म्हणं. रेडिओवर सांगलालेत. आता खरी आंब पडंल बघ. फडकी धुऊन ठेवलेत मी. औंदा तुझ्या औषधाचं काय काम नाही.”

रेवतीने टेबलावरच्या कोषांचा ट्रे जवळ ओढला.

“का गं, बोलंनास? आनंद नाही झाला तुला?”

“आत्या, किती दिवस राहणार म्हणाले?”

“पंधरा रात्री. मग कडक ऊन,” आत्या म्हणाली. “नेमकं घाटे भरायच्या टायमाला. देवच पावला म्हणायचा.”