त्रेचाळीस झाडं

वरठीच्या स्टेशनाबाहेर शालू जीप शोधत होती. दोन सायकली धरून उभ्या असलेल्या एका उंच माणसालाच तिनं नेमकं विचारलं, "भाऊ, नियामक मंडळाची जीप दिसली का?"

"जीप येत नाही, मॅडम. मी आलो न. भूपेंद्र."

अगं बाई! तीन महिने फोनवर ज्याचा आवाज ऐकायला म्हणून तिनं गरज नसलेले कागदसुद्धा मागवले होते, तो इथल्या कार्यालयातला कंत्राटी कर्मचारी हा... आणि त्यालाच भाऊ म्हणाली!

हवामानबदलासाठी मंडळानं दोन वचनं छापून दिली होती. पंधरा किलोमीटरच्या आत डिझेलची गाडी नाही, आणि दर जिल्ह्यात तीनशे झाडं. ती पाळली का, हे तपासायला शालू नागपूरहून आली होती; म्हणून तर मुद्दाम जीप विचारली. तपासणीच्या दिवशी कार्यालयं कशी नटतात, हे तिला पाठ होतं.

"सायकली आजच्यापुरत्या का?"

"चालवून पाहा न. माझ्या ताईची आहे, सीट खाली केली तुमच्यासाठी."

सीट बरोब्बर तिच्या मापाची. "माझी उंची कशी कळली?"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या फोनवर, वरच्या फळीवरच्या फायलीले हात पुरत नाही म्हणून..."

शालूचे कान तापले.

वाटेत कारखान्याची पाळी सुटलेले कामगार समोरून आले. त्यातला एक ओरडला, "काय साहेब, रोज एकटे अन् आज जोडीनं?"

'रोज' हा शब्द शालूनं पुरावा म्हणून मनात टिपला. 'जोडीनं' आपोआप टिपला गेला!

कार्यालयाच्या मागे रोपं होती. नोंदवहीत तीनशे.

"जिवंत त्रेचाळीस आहेत," भूपेंद्र म्हणाला. "बाकीची शेळ्यांनी अन् उन्हानं नेली."

"तुमचे साहेब तर तीनशे म्हणतात."

"साहेब म्हणतात. पाणी मी घालतो."

"हे लिहिलं तर तुमचं नोकरीचं कंत्राट पुढे..."

त्यानं जवळच्या रोपाचं आळं नीट केलं. मग म्हणाला, "लिहा, मॅडम. त्रेचाळीस."

शालूनं एकेक झाड हात लावून मोजलं. त्रेचाळीस.

कार्यालयात चहा आला, आणि अहवालाचं शेवटचं पान आलं. 'या कार्यालयातील कोणाशीही माझा वैयक्तिक संबंध नाही.' खाली सहीची जागा. तिनं पेन टेकवलं... आणि उचललं.

"काहून थांबल्या?"

"ही सही मले नाही करता येत."

"काहून? आपला तर काहीच..."

"काहीच नाही?"

भूपेंद्रच्या हातातला चहा बशीत सांडला. "माझ्याकडून आहे," तो कसाबसा म्हणाला. "पहिल्या फोनपासून. पण तुमच्याकडून—"

"मग पेन काय उगाच उचललं?"

तो हसला, आणि लगेच घाबरला. "पण अहवाल?"

"मी लिहिलेला आता चालत नाही. दुसरं कोणी येईल, पुन्हा मोजेल."

"मोजू द्या. त्रेचाळीसच निघतील."

"तुम्ही तीनशे म्हणाले असते न," शालू कागद आवरत म्हणाली, "तर 'संबंध नाही'च्या खाली डोळे मिटून सही करून गेली असती मी."

दुपारी वरठीला गाडी लागली. ती चढली, दारातून वाकली.

"ऐका, ताईले सांगा..."

"काय?"

गाडी हलली तशी ती ओरडलीच, "सीट वर करू नका म्हणा!"