दाढेतलं पाणी

मंगळ प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय संग्रहालयात डॉ. हेमांगी वायंगणकरनं नेत्यांच्या नवलकथांचं एक दालन उभारलं होतं. पहिल्या राष्ट्राध्यक्ष वैजयंती खोत यांनी भूल न घेता दाढ काढून घेतली आणि गाल सुजलेला असतानाच संसदेत भाषण ठोकलं. कोकणच्या किनाऱ्यावर वाढूनही त्यांना पोहता येत नव्हतं. पृथ्वीच्या वतीनं स्वातंत्र्याच्या सनदेवर सही करणारे तेओडोर मेंडिस म्हातारपणी मंगळावरच राहायला आले आणि देह इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन गेले. असल्या गोष्टी वाचायला लोक गर्दी करत.

आता खोतबाईंची ती दाढ दालनातून प्रयोगशाळेत आली होती आणि साऱ्या प्रजासत्ताकाचा जीव तिच्यात अडकला होता.

सनद झाली तेव्हाच्या कायद्यानं मंगळावर जन्मलेल्या माणसाला सरकारी कागदावर सही करण्याचा अधिकार नव्हता. खोतबाई कोकणातल्या नव्हेतच, त्या मंगळावरच्या बर्फखाणीत जन्मल्या. म्हणून मंगळाच्या वतीनं त्यांनी केलेली सही आणि सनद दोन्ही रद्द करा, असा दावा पृथ्वीच्या सरकारनं आंतरग्रहीय न्यायालयात लावला होता. खाणकामगार आया खोटं जन्मस्थळ नोंदवून मुलांना पृथ्वीवर पाठवत, अशी वदंता होतीच. न्यायालयानं दाढेच्या तपासणीचं काम हेमांगीवर सोपवलं आणि निरीक्षक म्हणून पृथ्वीवरून प्रा. अन्वर काझींना धाडलं. हेमांगी एकेकाळी त्यांचीच विद्यार्थिनी होती.

काझींनी ध्वनिमुद्रण सुरू केलं. "न्यायाधीशांना कळेल असं सांग."

"पाण्यात दोन प्रकारचा हायड्रोजन असतो, साधा आणि जड," हेमांगी म्हणाली. "मंगळावरच्या पाण्यात जड हायड्रोजन पृथ्वीच्या पाचपट तरी आहे. लहानपणी दात घडतात तेव्हा प्यायलेल्या पाण्याचं हे प्रमाण त्यांच्या आतल्या थरात कोंडलं जातं. पुढं माणूस कुठंही गेला तरी तो उगमठसा पुसला जात नाही."

"आणि तुलनेला?"

"त्याच काळातला, पृथ्वीवर वाढलेल्या माणसाचा दात हवा. वैद्यकीय महाविद्यालयात मेंडिससाहेबांचा आहे. ते पृथ्वीचेच, याबद्दल दोन्ही पक्षांचं एकमत आहे."

दोन्ही दातांचे कण उगममापक यंत्रात गेले. पडद्यावर दोन रेषा उमटल्या आणि एकमेकींवर तंतोतंत बसल्या. काझींनी सुटकेचा निःश्वास सोडला. ते पृथ्वीचे असले तरी मनानं हेमांगीच्याच बाजूला होते. मेंडिस पृथ्वीचे, म्हणजे खोतबाईही पृथ्वीच्या. दावा निकालात निघाला होता. अहवालावर सही करायला त्यांनी लेखणी उचलली.

हेमांगी मात्र उठली नाही. दोन रेषा जुळल्या, एवढंच सिद्ध झालं होतं. त्या कुठल्या पाण्याच्या, हे यंत्रानं अजून सांगितलंच नव्हतं. तिथंच थांबली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. पण ज्या बाईंनी भूल नाकारली, त्यांच्या दाढेबद्दल अर्धं सत्य लिहायचं तिच्या जिवावर आलं. तिनं पृथ्वीच्या समुद्रजलाचा प्रमाणित नमुना मागवला आणि यंत्रात घातला.

तिसरी रेषा त्या दोन्हींच्या कितीतरी खाली, पाचव्या हिश्श्यावर उमटली.

काझी पडद्याजवळ सरकले. मग हलकेच म्हणाले, "बाई खाणीतल्याच होत्या म्हणायच्या. हेमांगी, सनद गेली."

"सर, वरची रेषा एकट्या बाईंची नाही."

काझींनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं. त्यांच्या हातातली लेखणी थांबली. सनदेवर एका बाजूनं खाणीतल्या मुलीनं सही केली होती आणि समोर बसून पृथ्वीच्या वतीनं खाणीतल्याच मुलानं.

अहवाल जसाच्या तसा न्यायालयात वाचला गेला. न्यायाधीशबाईंनी पृथ्वीच्या वकिलांना एकच प्रश्न विचारला. मंगळावर जन्मलेल्याची सही बाद धरायची, तर मेंडिस यांनी पृथ्वीसाठी केलेले चंद्राचे आणि लघुग्रहांचे सगळे करारही बाद धरायचे का? पृथ्वीचा निम्मा कारभार त्या करारांवर उभा होता. वकिलांनी दुपारपर्यंतची मुदत मागितली आणि त्याआधीच दावा मागं घेतला.

घुमटाखालच्या चौकात लोक जमले होते. काझी हेमांगीबरोबर गर्दीच्या कडेला उभे राहिले. लहानपणापासून ती ऐकत आली होती की पृथ्वीनं मोठ्या मनानं मंगळाला स्वातंत्र्य दिलं. दर वर्षी त्याबद्दल पृथ्वीचे आभार मानले जात, आणि त्या वेळी तिची मान आपसूक थोडी खाली जाई.

"सर," ती म्हणाली, "आम्हाला ते कुणी दिलंच नव्हतं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना आमचीच माणसं होती."

आणि ती ताठ मानेनं गर्दीत शिरली.