उजवा कप्पा

"आई, तुझ्या छातीत कबूतर घुमतंय गं..."

लालबागच्या मसाला कांडपातून थकून आलेल्या कौसल्येच्या छातीवर कान टेकून लहानगा सम्यक म्हणाला होता. ती नुसती हसली होती. नवरा गेलेला, नाकाला ओला पदर बांधून मिरच्या भाजायच्या, खोकत खोकत पोराला वाढवायचं... छातीतली घुरघुर ऐकायला सवड कुणाला होती?

आज मात्र तो आवाज तिला स्वस्थ बसू देईना. ती खोलीच्या उंबऱ्यात बसायची, उठायची, पुन्हा बसायची. आत विमानतळावरची रात्रपाळी करून आलेली सून नम्रता झोपली होती. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन मुकं उभं होतं. नळी नाकात तशीच ठेवून कौसल्येने ते बंद केलं होतं, नेहमीसारखंच. रात्री सम्यकसमोर ते चालायचं. दिवसा सुनेचा डोळा लागला की हिचं बोट बटणावर. एवढीशी खोली, त्यात ती घरघर... पोरीने झोपायचं कधी?

कालच परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मावशी, फुफ्फुसात हवा कमी पडली की तिथल्या रक्तवाहिन्या आखडतात. मग हृदयाच्या उजव्या कप्प्याला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. ओझी वाहून हमालाचा दंड घट्ट होतो ना, तशी त्याची भिंत जाड झालीय. आता तो थकून फुगायला लागलाय, म्हणून पाय सुजतात. मशीन दिवसाही लावता ना? त्यानेच त्याचा भार उतरेल."

कौसल्येने मान डोलावली होती.

आता पाण्यासाठी ती उठली आणि श्वास अर्ध्यातच अडकला. चौकट धरली, पेला मात्र हातातून निसटला...

नम्रता धावत आली. तिला भिंतीला टेकवून बसवलं, आधी मशीन लावलं, मग विचारलं, "बंद का होतं, आई?"

"तुझी झोप मोडते..."

"मशीनने? तुमचा मुलगा त्याच्यापेक्षा मोठ्याने घोरतो." नम्रताने तिच्या नाकातली नळी नीट बसवली. "ते बंद झालं की मला जाग येते, आई. रोज. वाटायचं, नळी रुतत असेल, तुम्हाला जरा मोकळीक हवी असेल... म्हणून गप्प पडून तुमचा श्वास ऐकत राहायचे."

एकमेकींना सुख द्यायचं म्हणून एकीने श्वासावर पाणी सोडलं होतं, एकीने झोपेवर.

"माझं काय गं," कौसल्या पुटपुटली, "तुम्ही दोघं सुखात राहा, म्हणजे..."

"आमचं राहू द्या. तुम्हाला काय हवंय?"

उभ्या जन्मात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला नाही. डोळे भरून आले. सुनेचा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मला भीती वाटते गं, नम्रता... मला अजून जगायचंय."