नऊ सेकंदांचा आवाज

चष्मेवाला आपल्या मुलीला आणि तिच्या कुत्र्याला घेऊन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि धाकटी भांडी घासत बसली होती. अकरा भांडी, सगळी कुत्र्यांची. दोघी बहिणींची स्वतःची ताटं अजून तशीच पडून होती, कारण त्या घरात मान आधी पाहुण्यांचा.

आता तुम्ही म्हणाल, भुताची गोष्ट आणि सकाळी अकराला? तर आधीच सांगून ठेवते, यात काळोख वगैरे काही नाही. जे काही झालं ते लख्ख उजेडात, रोज संध्याकाळी पाच वाजता झालं. म्हणूनच तर धाकटीला ते कोणाला सांगता येईना. अंधारात काही दिसलं म्हटलं की लोक विश्वास ठेवतात, उजेडातलं सांगितलं की डोळे तपासून घ्या म्हणतात.

लोक गावाला गेले, आजारी पडले, की आपली कुत्री या दोघींकडे ठेवून जात. लांबलचक व्हरांडा, त्याला लागून बारा खोल्या, प्रत्येकीला जाळीचं दार. धाकटी कुत्र्यांचं सगळं बघायची. थोरली भात शिजवायची आणि ढवळता ढवळता स्वतःशीच भांडायची. तिच्या कानाला यंत्र होतं, पण ते बहुतेक वेळा फडताळातच असायचं. "ऐकण्यासारखं बोलतं कोण इथे?" असं तिचं म्हणणं.

कुत्रं सोडून जाणाऱ्याने जाण्याआधी आपला आवाज धाकटीच्या फोनवर द्यायचा, हा तिथला शिरस्ता. दहा-बारा सेकंद पुरे. रोज पाच वाजता व्हरांड्यात टांगलेल्या स्पीकरवर ते आवाज खोल्यांच्या क्रमाने लागायचे, आणि ज्याचा आवाज लागेल त्याच्यापुढे भांडं जायचं. घरचा आवाज ऐकला की रुसलेलं कुत्रंही तोंड घालतं. इतक्या वर्षांत ही मात्रा एकदाही चुकली नव्हती.

"नाव घ्यायचं, जेव म्हणायचं, बस," धाकटीने मुलीला समजावलं. "'मी इथेच आहे' असं मात्र म्हणायचं नाही हं. त्यांना ते खरं वाटतं. मग शोधत बसतात बिचारे."

मुलगी असेल आठेक वर्षांची. गळ्यात गाठ झाली होती, चार दिवसांनी ऑपरेशन होतं. एरवी तिची बडबड थांबायची नाही म्हणे, पण आज कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून गप्प उभी होती. कुत्रा तपकिरी, पोटाने गोल, नाव ढब्बू. तिने फोन तोंडाशी धरला. काचेची किणकिण व्हावी असा आवाज.

"ढब्बू, ये. जेवून घे बरं. रडायचं नाही. मी इथेच आहे."

"अगं, ते नको म्हटलं ना!"

"पण तसं नाही म्हटलं तर तो घाबरेल, मावशी."

चष्मेवाल्याने घड्याळ बघितलं. दवाखाना दुसऱ्या शहरात, गाडी सुटायला अर्धा तास. मुलीचे डोळे भरून आले होते. धाकटीला तिला पुन्हा बोलायला लावणं जिवावर आलं. राहू दे, एवढ्याने काय होतंय, असं म्हणून तिने ते नऊ सेकंद तसेच ठेवले. चूक झाली ती इथे.

त्या संध्याकाळी सहाव्या खोलीत ढब्बूने तो आवाज ऐकला मात्र, आणि भांड्याकडे ढुंकूनही न बघता खोलीचा कोपरान् कोपरा हुंगायला लागला. जाळी खरवडली. पाण्याच्या बादलीमागे बघितलं. मग स्पीकरखाली जाऊन बसला तो हलेचना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट आत गेलं. थोरलीने भातात खिमा घातला, अंडं फोडून घातलं, शिव्या घातल्या. काही उपयोग नाही.

जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, "दुखणं काही नाही हो. याने मनाने सोडलंय. अजून दोन दिवस असाच राहिला तर माझ्या हातात काही नाही."

रोज रात्री चष्मेवाल्याचा फोन यायचा. "ढब्बू जेवला का, विचारतेय. त्याचं ऐकल्याशिवाय गोळी घेत नाही, ताई." आणि धाकटी म्हणायची, "जेवला हो. चाटूनपुसून." फोन ठेवला की ती जाऊन ढब्बूचं भांडं पुन्हा पुढे सरकवायची. पोरगी ऑपरेशनला जाणार ती हे खोटं उराशी धरून, आणि परत येईल तेव्हा कुत्रा नसेल...

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने तो आवाज लावायचाच नाही असं ठरवलं. पाचव्या खोलीतल्या बोक्याएवढ्या कुत्र्याला भांडं दिलं, फोन बंद करायला हात नेला, तेवढ्यात स्पीकर बोलला.

"ढब्बू, ये."

बोट लागलं असेल चुकून. तिने तसं मनाशी म्हटलं.

"जेवून घे बरं. रडायचं नाही. मी इथेच आहे." आवाज थांबला. थोडी खरखर झाली. मग, जरा हळू, "अरे, खा ना. उद्या मलापण उपाशी ठेवणारेत. तू आज खाल्लंस ना, की माझंपण पोट भरेल..."

ढब्बूने मान वर केली. शेपूट जमिनीवर एकदा आपटली. मग तो उठला, लटपटत भांड्याशी गेला आणि खायला लागला.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. चष्मेवाल्याने नवीन आवाज पाठवला असणार, शहाणा माणूस! तिने थोरलीला मिठी मारली, थोरलीने हातातला डाव सावरत "वेड लागलं का गं?" म्हटलं, आणि त्या दिवशी दोघी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

ऑपरेशन झालं, छान झालं. त्या संध्याकाळी आवाज नुसता "आहेस ना?" एवढंच म्हणाला, आणि ढब्बू जेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आज थंड दूध दिलं. घसा दुखतो, पण प्यायले. तू पण पी."

रात्री धाकटीने आपण होऊन फोन केला. "रोज नवीन आवाज पाठवता ते फार बरं करता हो. नुसता टवटवीत झालाय तुमचा ढब्बू."



"ताई, मी काही पाठवलेलं नाही," चष्मेवाला म्हणाला. "आणि कुठून पाठवणार? दोन आठवडे तिने तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. पाटीवर लिहिते ती."

"...आज तिला दूध दिलं का?"

"हो. थंड. का हो?"

धाकटीने काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि फोनमध्ये तो आवाज काढून बघितला. नऊच सेकंदांचा होता. लावून बघितला, तर चारच वाक्यं.

थोरलीला सांगितलं तर ती म्हणाली, "हो, बोलते ना ती. परवा मला म्हणाली, आजी, मीठ जास्त झालंय."

"तुझं यंत्र तर फडताळात आहे!"

"मग? तिचं ऐकू येतं मला," थोरली म्हणाली आणि भातात पाणी ओतलं. "गुणी पोर आहे. तुझ्यासारखी पुटपुटत नाही."

भीती वाटली, नाही कसं म्हणू? पण गंमत बघा, भीतीचीही सवय होते, आणि इथे तर तिच्याबरोबर सुखही होतं. ढब्बूचं पोट पुन्हा गोल झालं. दवाखान्यात मुलीची जखम भरत आली. चष्मेवाला सांगायचा, "पाच वाजले की तिला गाढ झोप लागते. उठते ती हसतच. परवा पाटीवर लिहिलं, तिथली जाडी आजी भाताशी भांडते. ताई, ती तर स्वयंपाकघरात आलीसुद्धा नव्हती, हो ना?" आणि तो हसायचा. आपल्या लेकराला हसू आलंय, एवढंच त्याला पुरेसं होतं. धाकटीलाही मग हळूहळू पाचाची ओढ लागली. व्हरांड्यात पाटावर बसून ती त्या दोघांचं ऐकायची. आज इंजेक्शन नव्हतं. आज खिडकीत कबूतर आलं होतं. ढब्बू मान तिरकी करून ऐकायचा आणि मधूनच 'ऊं' करायचा.

बावीस दिवसांनी गाडी दाराशी थांबली. धाकटीला एकच धास्ती होती. चष्मेवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं, आवाजाच्या नळीला धक्का लागलाय, जुना आवाज काही परत यायचा नाही. कुत्र्याने ओळखलं नाही तर?

मुलगी उतरली. गळ्याला मऊ रुमाल. "ढब्बू!" तिने हाक मारली. जाड, घोगरी, मोठ्या माणसाची असावी तशी.

ढब्बू एक क्षण थबकला. त्याने स्पीकरकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, पुन्हा स्पीकरकडे बघितलं. मग जो सुटला तो तिला खाली पाडूनच थांबला. नाक, कान, रुमाल, काही चाटायचं ठेवलं नाही. मुलगी घोगऱ्या आवाजात खिदळत होती. चष्मेवाला चष्मा काढून पुसत होता, आणि थोरली पदराने डोळे टिपत "मेल्यांनो, व्हरांडा पुसलाय आत्ताच" म्हणून ओरडत होती.

"बाबा म्हणतात, मी आता हवालदारासारखी बोलते," मुलगी ऐटीत म्हणाली. "मला आवडतो हा. शाळेत सगळे घाबरतील."

धाकटी तिच्याजवळ बसली. "पाच वाजता झोपायचीस ना गं? तेव्हा इथे यायचीस?"

"स्वप्नात यायचे. ढब्बूशी गप्पा मारायचे." मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. "पण ऑपरेशनच्या टाक्यांचा दोरा काढला ना, तेव्हापासून पाचला झोपच लागत नाही. आठ दिवस झाले. मग नाही आले मी."

धाकटीने तिच्या गळ्याचा रुमाल सारखा केला. कबुतराची गोष्ट तिने स्वतः ऐकली होती, आणि ती कालची होती.

गाडी गेली. मागच्या काचेतून ढब्बूचं आणि मुलीचं, दोन्ही तोंडं एकमेकांना चिकटून दिसत होती. इतकं सुखाने भरलेलं काही बघितल्यावर माणसाने मनात शंका आणू नये. धाकटीने सहावी खोली धुतली, भांडं घासून पालथं घातलं आणि फोनमधला तो आवाज पुसून टाकला. नीट, दोनदा बघून.

पाच वाजले. एक, दोन, तीन, चार, पाच. सातवा. बाराव्यापर्यंत सगळ्यांचे आवाज झाले, सगळी भांडी गेली. तिने फोन बंद करून खिशात ठेवला.

स्पीकर खरखरला.

"मावशी... ढब्बू जेवला का?"

तोच आवाज. काचेच्या किणकिणीसारखा.

धाकटीने खिशातला फोन काढून बघितला, बंदच होता. पण विचारणारं लेकरू होतं, आणि लेकराने विचारलं की उत्तर द्यावं लागतं. "जेवला असेल, बाळा," ती कशीबशी म्हणाली. "तो... तो घरी गेला. त्याला न्यायला आले होते."

पुन्हा खरखर. मग अगदी हळू,

"आणि मला?"

स्वयंपाकघरातून थोरली बाहेर आली. कानात यंत्र नव्हतं. तिने सहाव्या खोलीकडे बघितलं, पालथं घातलेलं भांडं उचललं आणि त्यात दोन डाव भात वाढला. व्हरांड्यातली अकराच्या अकरा कुत्री आपापलं खाणं सोडून त्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून उभी होती, आणि एकूण एक शेपूट हलत होती.