सोदनोमदादासाठी तारवाग

थोरल्या भावाला एक तारवाग खाऊ घालायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं निघालो होतो.

सोदनोमदादाच्या घशाखाली काही उतरेनासं झालं होतं. मेंढीचा रस्सा तोंडात धरायचा आणि हळूच वाटीत परत सोडायचा. वैद्य लामांनी नाडी पाहिली आणि आमच्याकडे न बघताच घोड्यावर मांड टाकली. त्या संध्याकाळी दादा आपणहून बोलला. म्हणाला, तारवाग मिळाला तर खाईन. पण त्याच्याच कातड्यात, तापल्या दगडांवर शिजवलेला, आणि दुलमाच्या, म्हणजे वहिनीच्याच, हातचा. कित्येक दिवसांत त्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

मागणी मात्र मोठ्या अवघड वेळी आली. बिळात राहणारं हे बोक्याएवढं जनावर उन्हाळाभर चरून चरबीचा गोळा होतं आणि थंडी पडू लागली की बिळाचं तोंड मातीनं लिंपून वसंतापर्यंत झोपी जातं. जवळच्या टेकड्यांवरची बिळं केव्हाच लिंपून झाली होती. उरला नदीपलीकडचा खोंगोर डोंगर. त्याच्या दक्षिण उतारावर ऊन जास्त दिवस टिकतं. तिथे एखादा जागा असेल तर असेल!

दादापाशी त्याची मुलगी ओयुन आणि तिचं तान्हं पोर राहिलं. निघालो ते दुलमावहिनी, जाम्यान आणि मी. जाम्यान म्हणजे आमच्या खोऱ्यातला नाचरा शिकारी. पांढरा अंगरखा, लांब कानांची पांढरी टोपी आणि हातात याकच्या शेपटीचा झुबका. असा सजून तो उतारावर नाचत, लोळत पुढे सरकायचा. तारवाग बिचारा मागच्या पायांवर उभा राहून शिट्ट्या मारत ते ध्यान बघत बसायचा आणि पळायचं विसरायचा. जाम्यानच्या नाचावर भाळून एकदा मेलेला तारवागही बिळातून वर आला होता, असं मी एका लग्नात सांगितलं होतं. तेव्हापासून वहिनीनं माझ्याशी बोलणं जरा कमीच केलं होतं.

घोड्यावर बसता बसता ती म्हणाली, "भावजी, वाटेत काही सांगायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर घोड्याच्या कानात सांगा. तो पुढे कुणाला सांगायचा नाही."

नदीच्या दोन्ही काठांना बर्फाची झालर लागली होती. मध्ये काळं पाणी. जाम्यान पार झाला, वहिनीही झाली. माझा घोडा मधोमध घसरला! पाणी छातीवर आलं. लगाम सुटला. मी शेपटी धरली. घोड्यानं लाथ झाडली, मी सोडली नाही. जाम्याननं पाण्यात उडी टाकली आणि आम्हा दोघांना, म्हणजे आधी घोड्याला आणि मग मला, ओढून काढलं. वहिनीनं शेकोटी पेटवली आणि विचारलं, की घोड्याला कुठे लागलं तर नाही ना.

पुढे खिंडीत वारा भेटला. असा वारा, की माझी टोपी उडाली ती तीन खोरी पलीकडे जाऊन पडली आणि वसंतात एका म्हातारीनं परत आणून दिली तेव्हा तिच्यात पाखराची अंडी होती. वहिनी म्हणते, टोपी माझ्या खिशात होती. असो. बर्फ मात्र खराच होता. तो आडवा येत होता, आणि घोड्यांच्या पापण्या मिटून गोठत होत्या. आम्ही पायउतार होऊन, हातानं त्यांचे डोळे चोळत, खिंड ओलांडली.

खोंगोरच्या उतारावर ऊन होतं. आम्ही बिळामागून बीळ पाहत गेलो. लिंपलेलं. हेही लिंपलेलं. वहिनी प्रत्येक बिळापाशी वाकायची, ओल्या मातीवर तळवा ठेवायची आणि पुढे जायची. ऊन कलायला लागलं तेव्हा जाम्याननं हात वर केला.

समोर एक बीळ उघडं होतं, आणि बिळाच्या तोंडाशी तारवाग बसला होता!

जाम्याननं अंगरखा चढवला, टोपीचे कान ताठ केले आणि निघाला. काय नाचला तो! गुडघ्यांवर नाचला, पाठीवर नाचला, शेपटीचा झुबका डोक्यावर असा फिरवला की मला स्वतःलाच बिळाबाहेर यावंसं वाटलं. तारवाग हलला नाही. त्यानं नुसतं पाहिलं. जाम्यान सरकत सरकत इतका जवळ गेला, की बंदुकीऐवजी काठीनंही काम झालं असतं. एकच बार!

जाम्यान धापा टाकत हसत होता. इतका जवळ कधी कुणी गेला नसेल, म्हणाला. मीही री ओढली, की नाच असा रंगला, गडी शिट्टी मारायचंसुद्धा विसरला.

वहिनीनं शेणी पेटवून त्यात नदीतले गोटे तापत घातले. जनावर मांडीशी ओढलं आणि मानेभोवती सुरी फिरवली. ह्यात कातडं फाटून चालत नाही. मोजा उलटा करावा तसं आतलं सगळं मानेतून बाहेर काढायचं, हाडं वेगळी करायची आणि मांस, मीठ, रानकांदा आणि लाल झालेले दगड परत त्याच पिशवीत भरायचे. ती मन लावून करत होती. गाल तापून लाल झाले होते. मग तिचा हात जनावराच्या काखेत गेला आणि तिथेच थांबला.

"जाम्यान, ह्यानं शिट्टी मारली होती का?"

जाम्यान बंदुकीची नळी पुसत राहिला.

"मी काय विचारतेय?"

"नाही मारली, वैनी."

तिनं हात बाहेर काढला. काखेत अक्रोडाएवढी गाठ होती. तारवागाला ताप चढला की तो शिट्टी मारत नाही आणि पळतही नाही. हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. तो ताप माणसाला लागला की तंबूचे तंबू रिकामे होतात. जाम्यान तिला नाचाची जादू समजला, आणि मी तिला वर झालर लावली.

जनावर जळलं. सुरी, हातमोजे जळले. जाम्याननं पांढरा अंगरखा आगीत टाकला आणि मग आजोबांपासून चालत आलेली ती याकची शेपटीही टाकली. दुसरं बीळ शोधू, असं तो एकदा पुटपुटला. वहिनी म्हणाली, हा सगळा डोंगरच आजारी आहे. आम्ही रिकाम्या हातांनी उतरलो.

नदीवर पोचलो तेव्हा पलीकडे आमच्या तंबूचा धूर दिसला. वहिनीनं घोडा थेट पाण्याकडे हाकला. जाम्याननं धावत जाऊन लगाम धरला.

"सोड," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

ती स्वतःच उतरली. अलीकडच्या काठावर बसली आणि ओयुनला हाक मारली. काय झालं ते सांगितलं. आमच्यापैकी कुणाला ताप येतो का, ते कळेपर्यंत आम्ही इकडेच राहणार. कुणी पाणी ओलांडायचं नाही. ओयुन काठावर रडत उभी राहिली, पाठीला पोर बांधलेलं.

जाम्यानला दुसऱ्याच दिवशी ताप भरला. तो उठून लांब खडकाआड जाऊन निजला आणि आम्हाला जवळ येऊ देईना. शेवटी तो ताप नदीच्या पाण्याचाच निघाला आणि घामावाटे उतरला. पण तोवर तिकडे दादा खचत चालला होता. ओयुन हाका मारून सांगायची, आज पाणीही घेतलं नाही. शेवटी एका दुपारी शेजाऱ्यांनी त्याला लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून, गाडीवर घालून काठावर आणलं. आम्ही तारवाग आणलेला नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं मान वळवली. "बोला," म्हणाली.

मी तोंडाभोवती तळवे धरले. "दादा! शेणी पेटल्या बरं का! दगड लाल झालेत!"

आणि मी नुसत्या तोंडानंच रांधायला लागलो. कातडं उतरवलं. हाडं सोडवली. मीठ घातलं.

"रानकांदा आधी," वहिनी बाजूनं म्हणाली. मग तिनंच उठून पलीकडे ओरडून सांगितलं, की ह्यांना काही कळत नाही, कांदा मी आधी घातलाय. मी एकेक दगड आत सोडला. ती सांगत होती कुठला मांडीपाशी, कुठला फऱ्यापाशी. मी मान तारेनं आवळली. कातडं टम्म फुगलं. केस भाजून, खरवडून काढले. चरबी घामासारखी बाहेर आली.

दादानं हात उचलला. त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. ओयुननं त्याच्या तोंडाशी कान नेला आणि ओरडून विचारलं, "बाबा विचारतात, माणसाचा तुकडा काढला का?"

तारवाग पूर्वी माणूस होता, मोठा तिरंदाज. त्याच्या खांद्याखाली एक तुकडा अजून माणसाचाच आहे. तो कुणी खात नाही.

इतकं बारीक खोटं मला सुचलं नव्हतं.

"काढला!" वहिनी ओरडली. "मी स्वतः पुरला! खा तुम्ही सावकाश!"

मग मी पोट चिरलं, वाफ सोडली आणि आतले तेलकट, गरम दगड वाटले. आमच्यात ते एका तळव्यावरून दुसऱ्यावर खेळवतात; शीण जातो. पलीकडे दादाचे दोन्ही हात नमद्याबाहेर आले. भाजल्यासारखे ते हलू लागले, ह्या तळव्यावरून त्या तळव्यावर. मी बोलत राहिलो. घसा बसला तशी वहिनी पुढे बोलली. ऊन उतरल्यावर त्यांनी गाडी वळवली.

दुसऱ्या सकाळी तंबूवर धूर नव्हता. वहिनी पाण्याशी जाऊन उभी राहिली, आणि परत येऊन बसली. आम्हाला पलीकडे जाता आलं तोवर आमच्या रीतीप्रमाणे दादाचा देह डोंगरावर नेऊन ठेवलेला होता.

ओयुननं आमच्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाली, "त्या रात्री मी रस्सा दिला, तर बाबा म्हणाले, इतक्या चरबीवर रस्सा पीत नाहीत. मग त्यांनी बूट मागितले. मला वाटलं, कुठे निघायचं म्हणताहेत. पण त्यांनी बुटांना हात पुसले. आपण जेवल्यावर पुसतो ना, तसे. पुढून, मागून. आणि निजले."

बूट तिथेच, पलंगाच्या पायाशी होते. वहिनीनं एक उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्या कातड्यावरून अंगठा फिरवत राहिली.

ते कातडं तुकतुकीत झालं होतं, असं मला तुम्हाला सांगता आलं असतं. माझा धंदाच तो. पण बूट कोरडे होते.

"उपाशी नाही गेले," वहिनी म्हणाली, आणि बूट खाली ठेवला.